रामदास, समर्थ : पदकार आणि कीर्तनकार

रामदास, समर्थ : (चैत्र शुद्ध ९, शके १५३० – माघ वद्य ९, शके १६०३, इ. स. १६०८–१६८२). संतकवी, पदकार, कीर्तनकार आणि रामदासी संप्रदायाचे प्रवर्तक. मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. जन्म जांब येथे. हे गाव आज जांब समर्थ म्हणून ओळखले जाते आणि जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते. निधनाचे साल पुष्कळ पुस्तकांत १६८१ छापलेले आढळते. शकात सरसकट ७८ मिळवल्याने ही चूक होते. माघ महिना पुढच्या इसवी सनात पडतो.

समर्थांवर लिहिणाऱ्यांनी त्यांचे राजकारण, संघटन आणि शिवछत्रपतींशी असलेला संबंध यांवर फार शाई खर्च केली आहे. स्वतः रचून स्वतः गाणारा कवी म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत नोंद त्या अंगाने आहे.

अशा कवीला आपल्याकडे जुना शब्द आहे : वाग्गेयकार. त्याची शास्त्रीय व्याख्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातील ग्रंथात मिळते, आणि तो ग्रंथ देवगिरीच्या यादव दरबारात, म्हणजे जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यातच, लिहिला गेला. गीतातील शब्द म्हणजे मातु आणि स्वररचना म्हणजे धातु. दोन्ही ज्याच्या हातची, तो वाग्गेयकार. समर्थांच्या बाबतीत मातु भरपूर शिल्लक आहे, धातु मात्र जवळजवळ हरपला आहे. छापील गाथ्यांत पदांच्या माथ्यावर राग-तालांची नावे असतात, पण चाल लिहून ठेवण्याची रूढी त्या काळी नव्हती.

वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधर. घर रामाच्या उपासनेचे होते. गंगाधरपंतही कवी, ‘रामीरामदास’ या मुद्रेने त्यांनी लिहिले आणि संप्रदायात ते ‘श्रेष्ठ’ म्हणून ओळखले जातात. जांबजवळच्या आसनगावी लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून बारा वर्षांचा नारायण निघून गेला, अशी परंपरागत कथा आहे. पुढे नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे साधना आणि त्यानंतर बारा वर्षे तीर्थाटन झाले. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले.

तीर्थाटनानंतर ते जांबला परतले तेव्हाची एक आख्यायिका त्यांच्या एका पदाला जोडलेली आहे. मुलाच्या वियोगाने रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली होती. मुलाचा हात लागताच ती परत आली, तेव्हा आईने विचारले, ‘नारोबा, ही कुठली भूतचेष्टा शिकून आलास?’ उत्तरादाखल समर्थांनी पद म्हटले : वैकुंठात होते, अयोध्येत शिरले, कौसल्येच्या स्तनी लागले, तेच हे भूत. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पदाची घडण पाहण्याजोगी आहे. प्रश्न घरगुती, आईच्या तोंडचा. उत्तर रामायणाच्या आवाक्याचे. आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा आईशीच बोलते. आईला समजावे म्हणून रचलेले गाणे असेच असणार. मराठवाड्याच्या बोलीगंधाची इतकी जवळीक समर्थांच्या फार थोड्या रचनांत असेल.

रचनाप्रकार पुष्कळ आहेत : ओव्या, अभंग, श्लोक, स्तोत्रे, सवाया, करुणाष्टके, आरत्या, मराठी पदे आणि हिंदी पदेही. गळ्याच्या दृष्टीने सर्वांत यशस्वी ‘मनाचे श्लोक’. श्लोक २०५, वृत्त भुजंगप्रयात : एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा, म्हणजे ओळीला बारा अक्षरे. ही चाल पावलाला धरून चालते. रामदासी भिक्षेला निघाला की दारात श्लोक म्हणे आणि पुढच्या दाराकडे वळे. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्याही कानी ते श्लोक असे उंबऱ्यावर पोचले.

‘दासबोध’ (२० दशक, २०० समास) हा उपदेशाचा ग्रंथ मानला जातो. त्याचा चौदावा दशक मात्र फिरत्या गायक-कवीच्या व्यवसायाचे पुस्तकच आहे. समासांचा क्रमच पाहावा : निस्पृहलक्षण, भिक्षा, कवित्वकळा, कीर्तनलक्षण, हरिकथालक्षण. आधी वृत्ती, मग पोट, मग रचना, मग सादरीकरण. हा क्रम एखाद्या अनुभवी माणसालाच सुचतो. भिक्षा पुष्कळ आली तरी थोडीच घ्यावी, असे ते सांगतात. भिक्षेने ओळखी होतात, हेही नोंदवतात. कवित्वाचे ते धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार करतात. मनात येईल ते रचणे हे धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखे रचणे हे पाठ. पोटासाठी केलेली नरस्तुती ते धीट-पाठ या हलक्या प्रतीत टाकतात. भक्तीतून आपसूक उमटते ते प्रासादिक. राजाश्रय ही कवीची मोठी आकांक्षा असण्याच्या काळात ही भूमिका सोपी नव्हती.

याच दशकाच्या चौथ्या समासात त्यांनी कारागिरीही दाखवली आहे. एकेका ओवीत एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द गुंफून वर्णमालेच्या वाटेने जात कीर्तनाचे नियम सांगितले आहेत. हा नुसता अक्षरखेळ नाही. कीर्तनकाराला नियम तोंडपाठ राहावेत याची ती सोय आहे. कीर्तनभक्तीच्या समासात (दशक ४, समास २) टाळ, मृदंग, संगीत, नृत्य, कथा आणि भरपूर पाठांतर यांचा आग्रह आहे. कंठस्थ नसलेले कीर्तन त्यांना मान्य नव्हते.

त्यांच्या शिष्यांपैकी वेणाबाई यांचा उल्लेख येथे अटळ आहे. बालविधवा असलेल्या या स्त्रीला समर्थांनी उभे राहून कीर्तन करण्याची मोकळीक दिली. मिरजेचा मठ तिच्याकडे होता आणि ‘सीतास्वयंवर’ हे काव्य तिचे. सतराव्या शतकात विधवेने सभेपुढे उभे राहून गावे, हे समर्थांच्या कर्तृत्वात दासबोधाच्या शेजारी ठेवावे इतके मोठे आहे. दुसरे शिष्य भीमस्वामी यांच्या मठामुळे रामदासी परंपरा तंजावरला पोचली. मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी हे प्रकार पुढे तमिळ मुलखातील हरिकथेत रुजले.

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही गणपतीची, ‘लवथवती विक्राळा’ ही शंकराची आणि ‘सत्राणे उड्डाणे’ ही मारुतीची आरती परंपरेने समर्थांची मानली जाते. गणेशोत्सवात मराठी माणूस जगात जिथे असेल तिथे पहिली आरती म्हणतो. शेवटच्या कडव्यात कवीची मुद्रा असते, पण टाळ्यांच्या गजरात तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. आजच्या चालीचा कर्ता अज्ञात आहे; गावोगावी तिची लय थोडी वेगळी, कुठे संथ, कुठे धावती.

समर्थांचे वाङ्मय हाती आले ते मठामठांतल्या बाडांतून. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी आयुष्य वेचून ही बाडे गोळा केली; धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात हा संग्रह आहे. जांबला राममंदिर आहे. रामनवमीला तेथे रामाचा आणि समर्थांचा जन्म एकाच दिवशी साजरा होतो. या मंदिरातील जुन्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या होत्या. पोलिस तपासात त्या पुढे परत मिळाल्या.