श्वास मोजला, औषध ठरले

पावसाळा सरून थंडी पडू लागली, की नांदेड असो वा लातूर, गावोगावची लहान मुले खोकू लागतात. आई मुलाला कडेवर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते आणि म्हणते, "साहेब, एक सुई देऊन टाका." डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा असतो. या मुलाला प्रतिजैविक द्यायचे की नाही? सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. पण खोकणाऱ्या अनेक मुलांत एखाद्याला न्यूमोनिया असतो. त्याला वेळेवर औषध मिळाले नाही, तर ते काही दिवसांत दगावू शकते. नेमके ते मूल ओळखायचे कसे?

शहरात क्ष-किरण चित्र काढता येते. जेथे डॉक्टरच नाही, तेथे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास फार जुना नाही, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या महाराष्ट्रात लिहिले गेले.

पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे फ्रँक शान व त्यांचे सहकारी न्यूमोनियाच्या मुलांचा अभ्यास करीत होते. १९८४ साली त्यांनी एक साधी कसोटी मांडली. खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटाला पन्नासाहून अधिक असतील, तर त्याला प्रतिजैविक द्यावे. यामागचे कारण आपण वर्गातही समजावून सांगू शकतो. न्यूमोनियात फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात. फुप्फुस ताठर होते व रक्ताला प्राणवायू कमी पडतो. खोल श्वास घेणे जड जाते, म्हणून शरीर उथळ पण भरभर श्वास घेऊन उणीव भरून काढू पाहते. साध्या सर्दीत वायुकोश मोकळे असतात, त्यामुळे ही घाई सहसा दिसत नाही.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली होती. १९८८ साली त्यांनी शंभराहून काही अधिक गावांत एक प्रयोग हाती घेतला. त्यांतील काही गावांत पालकांना न्यूमोनियाची लक्षणे समजावून सांगितली आणि आरोग्य कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांना श्वास मोजून औषध देण्यास शिकवले. उरलेली गावे तुलनेसाठी ठेवली.

एक अडचण होती. अनेक सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यासाठी मण्यांचे एक साधन तयार झाले. एका मिनिटाची वाळूची घडी लावायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया समजायचा. अक्षरओळख नसलेली बाईही निदान करू लागली.

औषध निवडले ते को-ट्रायमोक्झॅझोल. जिवाणू आपले फोलेट स्वतः तयार करतात. हे औषध त्या क्रियेच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या अडवते. आपण फोलेट अन्नातून घेतो, म्हणून आपल्याला त्याची झळ कमी लागते. शिवाय ते स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते व दिवसातून दोनदाच द्यावे लागे. सुईची गरज नव्हती.

१९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांपैकी ०.८ टक्के दगावले. तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. रुग्ण कोणाला म्हणायचे यावर असे आकडे बदलू शकतात. म्हणून आम्हाला दुसरा आकडा अधिक भरवशाचा वाटतो. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१ आणि इतरत्र १७.५ होते. निम्म्याहून कमी!

ही कसोटी निर्दोष नाही. ताप किंवा दमा असला तरी श्वास वाढतो. म्हणजे काही मुलांना विनाकारण औषध मिळते. पण एकही न्यूमोनिया सुटू नये म्हणून ही किंमत मोजली जाते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांखाली ६०, दोन ते बारा महिने ५०, एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून अधिक. दोन महिन्यांखालचे मूल भरभर श्वास घेत असेल किंवा कोणत्याही वयाचे मूल दूध-पाणी पीत नसेल, तर त्याला तातडीने रुग्णालयातच न्यावे.

औषधही बदलले. जिवाणू को-ट्रायमोक्झॅझोलला दाद देईनासे होऊ लागले, तेव्हा त्याची जागा अमॉक्सिसिलीनने घेतली. खोकल्यागणिक प्रतिजैविक देत राहिलो, तर त्याचीही गत तीच होईल. म्हणजे श्वास मोजण्याने दोन गोष्टी साधतात. गरजू मुलाला औषध मिळते, आणि गरज नसलेल्याला न दिल्याने ते औषध पुढच्या मुलासाठी शाबूत राहते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. विद्यार्थ्यांना घरातल्या शांत झोपलेल्या लहान भावंडाचे श्वास पूर्ण एक मिनिट, पोटाच्या हालचालीवरून, मोजून आणायला सांगावे. वयानुसार आकड्यांचा तक्ता करावा. निरोगी श्वास किती असतो हे ज्या घरात ठाऊक असेल, तेथे एखाद्या रात्री धाप लागलेले मूल वेळीच ओळखले जाईल.