जट कुठून येते?

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एक फोन आला होता. ताईनं नाव सांगितलं नाही, गावही नाही. म्हणाली, लेकीचे केस फार कोरडे, राठ झालेत. मानेपाशी बोटभर गुंता झालाय, कंगवा जात नाही. सासूबाई म्हणतात हात लावू नका, आधी विचारून घेऊ. कुणाला विचारायचं ते ती बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. आपल्या भागात केसांच्या गुंत्याला जट म्हणतात, आणि जट आली म्हणजे देवी आली, एवढं आपल्याला पोरवयापासून ठाऊक असतं.

म्हणून आज तेल-शिकेकाईच्या आधी थोडं जटेबद्दल.

माझ्या थोरल्या आत्याला जट आली ती १९७२ च्या दुष्काळात. तेव्हा ती सतरा वर्षांची. घरातल्या सगळ्या बाया खडी फोडायला जायच्या. प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं डोकं धुवायला कुठलं? तेल फोडणीला पुरेना. दिवसभर खडीची धूळ, घाम, आणि त्यावर घट्ट बांधलेलं फडकं. महिना दोन महिने केस सुटलेच नाहीत, आणि सोडले तेव्हा मागचा गुंता दोरखंडासारखा झाला होता. आजीनं घाबरून त्याला हळद-कुंकू लावलं. आजीला मी दोष देत नाही, तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. पण ठरलेली सोयरीक मोडली, आणि पुढच्या वर्षी आत्याच्या हातात परडी आली. मरेपर्यंत ती मंगळवार-शुक्रवार जोगवा मागत फिरली. जट भिजली की दिवसेंदिवस वाळायची नाही, वास यायचा, उवा व्हायच्या. झोपताना ती जट उचलून उशाशी ठेवायची, एखादं तान्हं मूल ठेवावं तशी. मान मात्र कायमची एका बाजूला कललेली.

अशा किती आत्या असतील! सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या गेल्या त्यात जट हे एक मोठं कारण असायचं. 'जोगवा' सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल, त्यातल्या सुलीची गोष्ट जटेपासूनच सुरू होते. मुली सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. पुढे महाराष्ट्रानं २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. मुलगी सोडणं आता गुन्हा आहे. पण कायदा येऊन कुणाचे केस विंचरत नाही, आणि भीती घरातच बसलेली असते.

आता तुम्हाला दूरची एक गोष्ट सांगते. युरोपात पोलंड नावाचा थंडीचा देश आहे. तिथं यल्लम्मा नाही, जोगवा नाही. पण तिथल्या खेड्यांतही शेकडो वर्षं जटा होत्या. लोक म्हणायचे, अंगातला आजार जटेवाटे बाहेर पडतो. ती कापली तर आजार आत उलटतो, माणूस आंधळा होतो, वेडा होतो. ऐकल्यासारखं वाटतं की नाही? शिकलेले डॉक्टरसुद्धा तो एक वेगळा रोग समजायचे आणि ग्रंथांत त्याला 'पोलंडची जट' म्हणायचे. मग क्राकुव्ह शहरातले एक डॉक्टर, युझेफ दित्ल, यांनी १८५० नंतरच्या काळात जटा असलेली माणसं नीट तपासली आणि सांगितलं, हा रोग नाही. केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, म्हणून झालेला हा गुंता आहे, तो कापा. पुढे ते त्या शहराचे नगराध्यक्ष झाले. असं सांगतात, की जटांची मोजदाद सुरू झाली तेव्हा आता जटेवर कर बसणार अशी आवई उठली आणि लोकांनी आपणहून जटा कापून टाकल्या! खरं-खोटं असो, माणसं आंधळी झाली नाहीत आणि हळूहळू तिथल्या जटा गेल्या.

गुंता होतो कसा? केसावर बारीक खवले असतात, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक. केस कोरडा पडला की ते उचलले जातात आणि शेजारच्या केसात अडकतात. लोकर भिजवून, दाबून, चोळून जेन करतात ना, तसंच डोक्यावर होतं. ताप, बाळंतपण, दुःख, कामाचा रगाडा, काहीही कारण असो, बाईचे केस चार-सहा आठवडे सुटले नाहीत की जट धरू लागते. कपड्याच्या साबणानं तर खवले आणखी उभे राहतात. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर केसावर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात. शिकेकाई आणि रिठा केसाला एवढे कोरडे करत नाहीत, आपल्या आज्या उगाच त्या वापरत नव्हत्या. शाम्पूची पुडी वाईट असं मी म्हणत नाही, पण अर्धीच घ्या, पाण्यात कालवा, आणि रोज नको.

तेल महागडंच हवं असंही नाही. खोबरेल असेल तर उत्तम, नसेल तर करडईचं, तिळाचं चालतं. न्हायच्या आदल्या रात्री लावा, टोकांना जास्त, कारण टोकं सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कोरडी. विंचरताना खालून सुरुवात करा. वरून कंगवा ओढला की गुंता खाली जाऊन आणखी आवळतो. केस टॉवेलनं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून टिपा.

आणि त्या फोन करणाऱ्या ताई, तुम्ही ऐकत असाल तर. बोटभर गुंता म्हणजे अजून हातात आहे. त्यात भरपूर तेल जिरवा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी कंगवा नको, बोटांनी कडेकडेच्या चार-चार बटा मोकळ्या करा. एका दिवसात नाही सुटणार, तीन-चार दिवस बसावं लागेल. मधला गड्डा सुटलाच नाही तर तेवढाच कात्रीनं कापा, केस परत येतात. सासूबाईंनाही जवळ बसवा, तेलाची वाटी त्यांच्याच हातात द्या.