विहिरीभोवतीची जमीन का खचते? काय कराल?

उमरखेड परिसरातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगांतून शिरलेलं पाणी विहिरीच्या बांधकामामागची माती सांध्यांतून आत ओढून नेतं. आत पोकळी होते आणि एक दिवस वरची जमीन बसते.

खड्डा दिसताच काय कराल?

• मुलं, गुरं लांब ठेवा. स्वतः विहिरीत उतरू नका.
• छताचं आणि मोरीचं पाणी दुसरीकडे वळवा.
• बांधकामाला तडे किंवा फुगवटा आहे का, हे जाणकार गवंड्याकडून तपासा. वरचे सांधे बुजवा. खालचे झरे मोकळे ठेवा.
• मगच अर्ध्या फुटाच्या थरांनी मुरूम भरून धुम्मस करा. काळी माती नको, ती पुन्हा आकसते.
• वर बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा करा.

पाणी गढूळ झालं असेल, तर तपासून घेईपर्यंत पिऊ नका. मातीसोबत सांडपाणीही आत गेलेलं असू शकतं.