वही त्यांची, जन्म आपला

पँथर कुठून आला ते आपल्या पोरांना पाठ असतं. ऑकलंड, १९६६. मग मुंबई, १९७२. पण ऑकलंडच्याही आधी तो एका खेड्यापाड्याच्या कौंटीत होता. अलाबामा राज्यातली लाउन्डेस कौंटी. शंभरातले ऐंशी लोक काळे, आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदारयादीत काळं नाव एकही नाही. त्या राज्यात पक्षाला निशाणी लागायची, निरक्षरांसाठी. गोऱ्या डेमोक्रॅटांची निशाणी पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. तेव्हा यांनी काळा पँथर घेतला. कोंबड्यावर दुसरं काय सोडणार? १९६६ च्या नोव्हेंबरात यांचे सगळे उमेदवार पडले, हे आपल्या भाषणांत कुणी सांगत नाही. १९७० ला त्यांच्यातलाच जॉन ह्युलेट त्या कौंटीचा शेरीफ झाला, हेही सांगत नाही.

मला लिहायचंय ते निशाणीवर नाही, कचेरीवर. अमेरिकेत अशा तीन हजारांवर कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं काहीतरी समजा. काही जिल्ह्याएवढ्या मोठ्या, काही एका बाजारगावाभोवतीच्या. मधोमध चौक, चौकात कोर्टहाउस, आणि दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी त्यापुढं गुलामी टिकवायला लढलेल्या फौजेचा दगडी शिपाई. जमिनीचे कागद, लग्नाचे कागद, खटले, सगळं तिथंच. जन्माची नोंद कुठं तिथं, कुठं शेजारच्या आरोग्य खात्याच्या खोलीत. माणसाच्या हातात येते ती नोंद नव्हे, नोंदीची नक्कल. रजिस्ट्रारची सही, दाबून उठवलेला शिक्का, फी भरल्याची पावती. मूळ कागद कचेरीत राहतो. तुमचा जन्म, पण मालकी त्यांची.

ही मालकी गुलामीपासूनची आहे. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव, आणि खाली बहुतेक नुसतं वय, बाई का बाप्या, काळा का मिश्र रंगाचा. नाव नाही. बैलाचे दात बघून वय लिहावं तसं. १८७० च्या शिरगणतीत पहिल्यांदा दक्षिणेतल्या लाखो माणसांना नावं मिळाली. व्हर्जिनियानं तर १८५३ च्या कायद्यानं गुलामांचे जन्मही नोंदवायला लावले होते, पण मालकाच्या नावाखाली. सरकारला जन्म ठाऊक होता, माणूस ठाऊक नव्हता.

फ्रेडरिक डग्लस मेरीलँडच्या टॅलबट कौंटीत गुलाम म्हणून जन्मला. पळाला, शिकला, जगभर गाजला. त्यानं १८४५ ला आत्मकथा लिहिली, तर सुरुवातीलाच सांगून टाकलं की मला माझं वय ठाऊक नाही. गोऱ्या पोरांना आपापलं वय सांगता येई आणि आपल्याला का येत नाही, हे त्याला लहानपणापासून टोचत होतं. पुढं त्यानं स्वतःच १४ फेब्रुवारी हा वाढदिवस ठरवून घेतला आणि साल धरलं १८१७. १८९५ ला तो वारला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी डिकसन प्रेस्टन या चरित्रकारानं मालकाची जुनी हिशोबवही उघडली. तिच्यात हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक, फेब्रुवारी १८१८, असं लिहिलेलं होतं. प्रेस्टनचं पुस्तक १९८० ला आलं. म्हणजे वहीला त्याचा जन्म पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि तो मात्र आयुष्यभर एक वर्ष चुकीचं मोजत राहिला. मला हे वाचल्यावर राग आला तो मालकाचा कमी, त्या वहीचाच जास्त.

१८६५ ला गुलामी गेली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं सांगितलं की या भूमीवर जो जन्मला तो नागरिक. छान. पण जन्मला हे दाखवायचं कशानं? केंद्र सरकार जन्म नोंदत नव्हतं, ते काम राज्यांचं. मिसिसिपीत राज्याची नोंदणी १९१२ ला सुरू झाली, जॉर्जियात १९१९ ला. सगळी राज्यं देशाच्या जन्मनोंदणीच्या व्यवस्थेत यायला १९३३ उजाडलं, शेवटचं टेक्सास. नागरिकत्व जन्मावर टांगलेलं आणि जन्म मोजायची सोय पासष्ट वर्षांनी.

खेड्यातल्या काळ्या बाईचं बाळंतपण करायला डॉक्टर येत नव्हता. सुईण यायची. काळीच, बहुतेक म्हातारी, कुणाच्या तरी शेतावर राबणारी. आपल्याकडं पुष्कळ गावांत मांगीण यायची, नाळ कापायची, विटाळ अंगावर घ्यायची आणि पदरात पायली घेऊन मागल्या दारानं जायची, तसंच म्हणा. १९२१ ला शेपर्ड-टाउनर नावाचा कायदा झाला, माता-बालकांसाठी पैसा आला, आणि सरकारचं लक्ष या सुइणींवर गेलं. परवाना घ्या. महिन्याला कौंटीच्या नर्ससमोर हजर व्हा. पांढरा एप्रन घाला. पिशवी उघडून दाखवा. त्या पिशवीत कात्री, नाळ बांधायची फीत, बाळाच्या डोळ्यांत घालायचं औषध, आणि जन्माचे कोरे फॉर्म. फॉर्म भरून रजिस्ट्रारकडं पोचवायचा, नाहीतर परवाना गेला. जिला लिहिता येत नसे ती दुसऱ्याकडून रकाने भरून घेई आणि सहीच्या जागी फुली मारी.

या पिशवीच्या तपासणीत अपमान होता. शहरातून आलेली तरुण गोरी नर्स साठीतल्या बाईची नखं बघायची. पण त्याच पिशवीतून काळ्या पोरांचे पहिले कागद गेले, हेही खरंय. जॉर्जियाच्या आरोग्य खात्यानं १९५३ ला अशा एका सुइणीवर, मेरी कोली यांच्यावर, शिकवणीची फिल्म काढली. अलाबामाच्या ग्रीन कौंटीतल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तीन हजारांवर बाळंतपणं केली; त्यांची हकीकत १९९६ ला पुस्तक होऊन आली. अलाबामानं १९७६ ला कायदाच बदलला आणि या बायांचं काम बंद पाडलं. गरज होती तोवर कारकुनी करून घेतली, मग घरी पाठवलं.

आता वहीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाकडं या. वॉल्टर प्लेकर. डॉक्टर. व्हर्जिनियाच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याचा पहिला रजिस्ट्रार, १९१२ पासून १९४६ पर्यंत. माणूस कामसू. फायली चोख ठेवणारा. अशी माणसं शिवी देणाऱ्यापेक्षा जास्त घातक असतात, हे ज्यानं तहसीलीत चार हेलपाटे मारलेत त्याला मी काय सांगू? १९२४ ला व्हर्जिनियानं वंशशुद्धीचा कायदा केला. रक्तात काळ्याचा थेंब असेल तर गोरा नाही. रंगाबद्दल खोटी नोंद केली तर एक वर्ष तुरुंग. त्याच साली प्लेकरनं एका बाळंतिणीला पत्र पाठवलं की तुझं पोर मिश्र रक्ताचं आहे, ते गोरं म्हणून खपवू नकोस. सुईण होती तिलाही वेगळं पत्र, तुरुंगाची धमकी देणारं. बाळ पाळण्यात, आणि राज्याचा रजिस्ट्रार त्याचं रक्त मोजतोय.

तिथल्या मूळनिवासी इंडियन लोकांचं त्यानं याहून वाईट केलं. त्याचं म्हणणं, व्हर्जिनियात खरा इंडियन उरलाच नाही, सगळे काळे मिसळलेले. मग त्यानं आडनावांच्या याद्या काढल्या. कौंटीवार. १९४३ ला त्या याद्या गावोगावच्या रजिस्ट्रारांना, क्लार्कांना धाडल्या: या आडनावाचा माणूस इंडियन म्हणून नोंद मागायला आला तर सावध राहा. जुन्या दाखल्यांच्या मागं इशारा चिकटवायला लावला. आडनाव विचारलं की पुढचं सगळं कळतं, ही विद्या आपल्याकडच्या घरमालकांनाच येते असं मला वाटायचं. तो कायदा १९६७ ला लव्हिंग खटल्यात मोडला. तो खटलाही व्हर्जिनियाच्याच कॅरोलाइन कौंटीतला, एका गोऱ्यानं लग्न केलं म्हणून. पण खोडलेली नोंद खटल्यानं परत येत नाही. तिथल्या सहा जमातींना केंद्राची मान्यता मिळायला २०१८ उजाडलं. कागदावर सलग दिसत नाही म्हणून त्यांना इतकी वर्षं झगडावं लागलं, आणि कागद खोडणारा सरकारीच.

दरम्यान कागदाची मागणी वाढत गेली. १९३५ ला म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया त्यातून वगळल्या. काळे कामगार निम्म्याहून जास्त याच दोन कामांत. १९५० च्या दुरुस्तीनं त्यातले काही आत आले. मग प्रश्न, तुझं वय पासष्ट कशावरून? त्याआधी महायुद्धात शस्त्रांच्या कारखान्यात काम पाहिजे तर नागरिक असल्याचा पुरावा लागला. लाखो लोक, गोरेसुद्धा, कोर्टहाउसांच्या दारात गेले. तेव्हा उशिराच्या नोंदीची पद्धत रुळली. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर आईनं लिहिलेली तारीख. शाळेचं रजिस्टर. जुन्या शिरगणतीचा उतारा. विम्याचा कागद. आणि वयानं मोठ्या दोघांचं ॲफिडेव्हिट की हा जन्मला तेव्हा आम्ही होतो. ज्यांच्या तोंडच्या शब्दाला कोर्टात किंमत नव्हती अशा म्हाताऱ्यांनी हात वर करून शपथेवर माणसांचे जन्म उभे केले. सुईण जिवंत असली तर तिची साक्ष भारी.

हे जुनं झालं असं समजू नका. पुढं मतदानाला फोटोचं ओळखपत्र मागणारे कायदे आले. टेक्सासचा २०११ चा. ओळखपत्र फुकट, पण त्याला लागणारा जन्मदाखला विकत. मिसिसिपीत जन्मलेल्या एका वयस्क काळ्या बाईंनी टेक्सासच्या खटल्यात साक्ष दिली: दाखल्याला बेचाळीस डॉलर पडत होते, ते मी घरच्या खाण्यावर घातले, दाखला काही खाता येत नाही. २०१४ ला खालच्या न्यायाधीशबाईंनी याला सरळ मतावरचा कर म्हटलं. वरच्या कोर्टात तो मुद्दा टिकला नाही, पण कायद्याचा फटका काळ्या आणि लॅटिनो मतदारांना जास्त बसतो एवढं २०१६ ला मान्य झालं. अलाबामानं २०१५ ला ड्रायव्हिंग लायसन्सच्या एकतीस कचेऱ्या बंद करायचं जाहीर केलं. त्यात ब्लॅक बेल्टातल्या कौंट्या पुष्कळ. ओरड झाल्यावर महिन्यातून एक दिवस उघडू म्हणाले. महिन्यातून एक दिवस! आपल्या तलाठ्याची आठवण झाली.

आता आपल्याकडं. गावातल्या जन्म-मृत्यूची खबर पाटलाला देणं हे महारकीतलंच काम. खबर आपण न्यायची, लिहायचं दुसऱ्यानं. त्या वहीला लोक अजून कोतवाल बुक म्हणतात. माझ्या वडलांच्या दाखल्यावर १ जून आहे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या आज्यांच्या दाखल्यावर असेल तसाच, गुरुजींनी टाकलेला. आज्जी सांगायची, "तुजा बा झाला तवा वढ्याला पूर आलता, आन् आपल्या आळीतली पोरं मिल्ट्रीत गेलती." महार रेजिमेंट १९४१ ला उभी राहिली. म्हणजे साल साधारण लागतं, आणि ओढ्याला पूर काही जूनच्या पहिल्या तारखेला येत नाही.

त्याच वहीपाशी आज आपली पोरं अडतात. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर "बौद्ध" असतं. मग आज्याची, पणज्याची नोंद हुडका, जिच्यात "महार" लिहिलंय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जो शब्द टाकून दिला, तोच कचेरीच्या खिडकीत हात जोडून मागायचा, सहीशिक्क्यासकट. मी एका तालुक्याला यासाठी सात वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितलं वही वाळवीनं खाल्ली. सातव्यांदा तीच वही कपाटावर सापडली, लाल फडक्यात बांधलेली, वाळवी न लागलेली.

तिथल्या जुन्या वह्या मोडीत आहेत. वाचणारा मिळत नाही, मिळाला तर पानाला पैसे मागतो. आमच्या वस्तीतल्या दोन मुली आता मोडी शिकताहेत, आणि रविवारी आम्ही म्हाताऱ्यांपाशी बसून पूर, प्लेग, दुष्काळ, मोर्चा अशा खुणांवर साली लावून लिहून घेतो, खाली दोघांचे अंगठे. कायद्यानं याला किती वजन येईल ते तहसीलदार ठरवील. नक्कल मागाल तेव्हा छापील छोटा दाखला घेऊन परत येऊ नका. वहीतला पूर्ण उतारा मागा, सगळ्या रकान्यांसकट, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.