ओरडा आणि कुजबूज

मूल ऐकत नाहीं म्हणून ओरडावें लागतें, असें सांगणारे आईबाप सुशिक्षित घरांतून पुष्कळ आढळतात. ओरडून झाल्यावर मनांतल्या मनांत खजील होणारेही तितकेच आढळतात, आणि बहुधा ते तेच असतात. पांच वर्षें लालन, पुढें दहा वर्षें ताडन, सोळाव्या वर्षापासून मैत्री, ही जुनी वांटणी आपणांस पाठ आहे. छडीची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. आवाजाची मात्र फारशी झालेली नाहीं.

इ. स. १९०७ च्या जानेवारींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तींत आपलें पहिलें 'बालगृह' उघडलें. तेथें एकदां त्या चार महिन्यांच्या एका तान्ह्या मुलीला घेऊन वर्गांत आल्या आणि 'ही किती स्तब्ध आहे पाहा, तुम्हांला असें राहतां यावयाचें नाहीं,' अशा अर्थाचें कांहीं थट्टेनें बोलल्या. मुलांना ती थट्टा वाटलीच नाहीं. त्यांनीं हातपाय आवरले, श्वासही हळू केला. यांतूनच पुढें शांततेचा खेळ निघाला. मुलें निःशब्द बसतात. शिक्षिका शेजारच्या खोलींतून एकेकाचें नांव कुजबुजते. ज्याचें नांव येईल तें मूल पाऊल न वाजवितां तिच्याकडे जातें. ज्या वयाच्या मुलांना गप्प करण्यासाठीं आपण घर डोक्यावर घेतों, त्याच वयाचीं हीं मुलें!

हा खेळ आपल्या देशांत रुजविणाऱ्यांत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) अग्रगण्य होत. वढवाणचे हे वकील स्वतःला पुत्र झाल्यावर बालशिक्षणाकडे वळले, १९१६ सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर काढलें. खुंटी उंच, माठ उंच, फडताळ उंच अशा घरांत मूल धडपडणार, सांडणार आणि बोलणीं खाणार. म्हणून बालमंदिरांत सर्व वस्तु मुलांच्या हाताला येतील अशा ठेवीत. आईबापांसाठीं लिहिलेल्या त्यांच्या एका गुजराती पुस्तकाच्या नांवाचा अर्थच 'आईबाप होणें कठीण आहे' असा आहे.

तें खरोखरच कठीण आहे. बालमंदिरांतलीं मुलें ठरल्या वेळीं घरीं जातात. आईचें मूल घरींच असतें. दूध उतूं चाललें आहे, दाराशीं कोणी उभें आहे, धाकटें रडत आहे, अशा वेळीं कुजबुजून हांक मारण्याचा उपदेश करणें सोपें! सांडलेल्या पेल्यावरून जो ओरडा बसतो, त्यांत दिवसभराचें बरेंच कांहीं सांडलेलें असतें.

हें ओझें ओळखलें तें, माझ्या मतें, ताराबाई मोडक यांनीं. १९२३ सालीं त्या गिजुभाईंना येऊन मिळाल्या. १९४५ सालीं त्यांनीं ठाणें जिल्ह्यांतील (आतांच्या पालघर जिल्ह्यांतील) बोर्डी येथें काम आरंभिलें. तेथें आई मजुरीला गेलेली, आणि तान्हें थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्या पोरीनें शाळेंत यावें कसें, आणि आपलें बालपण विसरून धाकट्यावर खेंकसूं नये तरी कसें? ताराबाईंनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. पुढें अनुताई वाघ यांच्या साह्यानें, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत नांदूं लागलीं. सकाळीं ती बहीण तान्ह्याला पाळण्यांत ठेवी आणि पाटी घेऊन पलीकडच्या वर्गांत जाऊन बसे.