पुबेलचे तीन डबे

फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला ‘पुबेल’ म्हणतात. हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे. युजेन पुबेल हे १८८३ ते १८९६ या काळात पॅरिसचे प्रीफे, म्हणजे सरकारने नेमलेले प्रशासक होते. त्या काळी पॅरिसला महापौर नव्हता. शहराचा कारभार प्रीफेच पाहत. त्यांचे नाव डब्याला कसे चिकटले, याची हकिकत कचऱ्याचे वर्गीकरण शिकवताना फार उपयोगी पडते.

पुबेल यांच्या आधी पॅरिसमधली घरे आपला कचरा दारापुढे रस्त्यावर ओतत. सकाळी गाड्या येऊन तो उचलत. मधल्या वेळात पाठीवर टोपली, एका हातात कंदील आणि दुसऱ्यात लोखंडी आकडी घेतलेले कचरावेचक ते ढीग उपसत. त्यांना ‘शिफोनिए’, म्हणजे चिंध्या गोळा करणारे, असे नाव होते. चिंध्याच का? कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून बनत असे. हाडांनाही मागणी होती. हाडांच्या कोळशाने साखरेचा रस शुभ्र करीत, हाडांपासून काड्यापेट्यांसाठी फॉस्फरस काढीत, शिवाय बटणे आणि सरसही करीत. म्हणजे ज्याला आज आपण पुनर्वापराचा उद्योग म्हणतो, तो तेव्हा अंधारात, आकडीच्या टोकावर चालत होता.

परंतु उघड्यावरचे ढीग रोगराईला आमंत्रण देत. पाश्चर यांच्या संशोधनामुळे सूक्ष्मजंतूंची कल्पना तोवर लोकांपर्यंत पोचली होती आणि शहराची वस्ती वीस लाखांच्या वर गेली होती. पुबेल यांनी १८८३ च्या अखेरीस हुकूम काढला: प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे पुरवावेत आणि कचरा त्यांतच ठेवावा. हा हुकूम १८८४ च्या सुरुवातीपासून लागू झाला. डबे तीन होते. एक कुजणाऱ्या पदार्थांसाठी, दुसरा कागद व कापडासाठी आणि तिसरा काच, चिनी मातीची भांडी व कालवांचे शिंपले यांच्यासाठी. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे जे नियम काढले, त्यांतही घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन भाग सांगितले होते. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

हुकूम निघताच शिफोनिए खवळले. ढीगच नाहीसे झाले तर वेचायचे काय? हजारो कुटुंबांचे पोट त्यावर होते. वृत्तपत्रांनीही पुबेल यांची खिल्ली उडवली आणि त्या वादातच त्यांचे नाव डब्याला चिकटले. शेवटी गाडी येण्यापूर्वी डब्यांतून वेचून घेण्याची मुभा शिफोनिएंना मिळाली. डबा टिकला. वर्गीकरण मात्र रुजले नाही. फ्रान्समध्ये घरोघरी वर्गीकरण खऱ्या अर्थाने परत आले ते १९९२ च्या कायद्यानंतर.

असे का झाले असावे? माझ्या मते, हुकुमाने घरातल्या माणसाचे काम नेमके सांगितले, पण डब्यातल्या वस्तूचा पुढचा प्रवास कोण घडवून आणणार, हे ठरवले नाही. ज्यांना ते काम येत होते, त्यांना योजनेत स्थान नव्हते. मुभा होती, तीही भांडून मिळालेली. त्यात बाजारही फिरला. १८४० च्या दशकापासून लाकडाच्या लगद्याचा कागद करण्याची रीत निघाली आणि चिंध्यांची किंमत हळूहळू उतरली. पुढे सेल्युलॉइड आल्यावर हाडांच्या बटणांनाही स्पर्धक मिळाला. घेणारा नसेल तर वेगळे ठेवण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

दुसरे कारण विज्ञानाचे आहे. वस्तू मिसळणे सोपे, मिसळलेल्या वेगळ्या करणे कठीण. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. कोरडी रद्दी पाण्यात घुसळून तिचा पुन्हा लगदा होतो, पण आमटी-तेलाने माखलेल्या कागदाचा चांगला लगदा होत नाही. काच कितीही वेळा वितळवता येते. पण तिच्यात फुटक्या कपबशीचे तुकडे मिसळले तर ते काचेच्या भट्टीत वितळत नाहीत आणि नव्या बाटलीत खड्यासारखे राहून तिला कमकुवत करतात. म्हणजे पुबेल यांच्या तिसऱ्या डब्यात, आजच्या ज्ञानाने पाहता, एक चूक होतीच.

आपल्या समाजात रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. पॅरिसच्या शिफोनिएंना जे मिळाले नाही, ते इथे कचरावेचक बायांनी मिळवले: योजनेत रीतसर जागा. घरातून वेगळा आलेला सुका कचरा विकून त्यांना मिळकत होते. तोच कचरा ओल्यात मिसळून आला, तर त्यांचे हात घाण होतात आणि मिळकतही बुडते.

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्राचे दोन सारखे गठ्ठे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा भाजीची साले आणि चहाचा चोथा यांच्याबरोबर दोन दिवस ठेवा. मग दोन्ही गठ्ठे रद्दीवाल्याला दाखवून भाव विचारा. ‘कचरा वेगळा का ठेवायचा?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांना फळ्यावरून सांगावे लागणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी घरी डब्यापाशी उभे राहताना, तो पुढे कोणाच्या हातात जाणार आहे, हेही त्यांच्या लक्षात राहील.