दोन नंबरचा होल्ड

२४ फेब्रुवारी १९४४. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून 'फोर्ट स्टिकीन' निघाली. कॅनडात १९४२ साली बांधलेली, ७,१४२ टनी मालवाहू आगबोट. पोटात १,३९५ टन दारूगोळा, खोक्यांत बंद लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा.

वाटेत कराची. थोडा माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, मासळीचं खत असं हाताला लागेल ते भरलं. कप्तान नेस्मिथ यांनी हरकत घेतली, पण युद्धाच्या दिवसांत रिकामी जागा कोण ठेवू देणार? दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या माल भरायच्या कोठारात, तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात तापट स्फोटकं. चूल रचावी तशी ही रचना. मला विचाराल तर मुंबईचा घात कराचीच्या धक्क्यावरच झाला होता.

१२ एप्रिल. मुंबई. व्हिक्टोरिया डॉक, धक्का क्रमांक एक. स्फोटकं असलेल्या बोटीनं लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी साडेबारा. कामगारांची जेवणाची सुट्टी. आसपासच्या बोटींवरून काहींना फोर्ट स्टिकीनवर धूर दिसला. कुणी बोललं नाही. दुसऱ्याच्या बोटीची उठाठेव कशाला!

दीडनंतर. हमाल परत कामावर आले. दोन नंबरमध्ये गाठींतून धूर येत होता. आरडाओरडा झाला, पाण्याचे पाइप सोडले गेले. (पुढे चौकशीत बोट दाखवलं गेलं ते कुणीतरी ओढलेल्या विडी-सिगारेटकडे.)

सव्वादोन. बंबखान्याला वर्दी पोचली, पण धोक्याच्या पेटीची काच फोडून दिलेली. काय पेटलंय, किती पेटलंय, हे पेटी सांगत नाही. नेहमीप्रमाणे दोन बंब निघाले. मागून आणखी आले.

अडीच ते तीन. मालाची यादी पाहून लष्कराच्या दारूगोळा खात्यातले कॅप्टन ओबर्स्ट यांनी स्पष्ट सांगितलं की हे पेटलं तर सगळी गोदी उडेल. मग खल सुरू झाला. बोट इथंच बुडवायची, की टग लावून समुद्रात न्यायची, की पाणी मारत राहायचं? कप्तान, गोदीचे साहेब, लष्कर, अग्निशमन दल. चौघांचे चार हुकूम, आणि चौघांवर हुकूम चालवील असा पाचवा कुणी धक्क्यावर नव्हता. निर्णय झालाच नाही, म्हणून पाणी मारणं चालू राहिलं.

तीन ते पावणेचार. नऊशे टनांहून जास्त पाणी आत गेलं. कापूस पाण्यावर तरंगतो. होल्डमध्ये पाणी चढू लागलं तशा धुमसत्या गाठीही वर चढू लागल्या, थेट स्फोटकांच्या मजल्याकडे. आग विझवण्याचा घाटच तिला वर उचलत होता. बाहेरून बोटीचा पत्रा एका जागी इतका तापला की तिथला रंग फुगून गळू लागला. आग नेमकी कुठं आहे ते तेव्हा कळलं. पण पत्रा कापून आत पाणी सोडणं काही जमलं नाही.

३:५०. बोट सोडण्याचा हुकूम.

४:०६. बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. शेजारची सुमारे चार हजार टनी 'जलपद्म' उचलली जाऊन तिची मागची बाजू धक्क्यावरच्या शेडवर टेकली. मांडवी, मशीद बंदरावर पेटता कापूस, लोखंड आणि सोनंसुद्धा बरसलं. जपानी आले, असंच लोकांना वाटलं.

४:३४. दुसरा स्फोट.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. ऐंशी हजार माणसं बेघर झाली. ढिगारे उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती.

बातमी मात्र दडपली गेली. जगाला ती दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दिली. सरकारनं वार्ताहरांना परवानगी दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.